नगरचे विसरलेले बंदर

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, ही गोष्ट शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा आणि मधे पावसाची वाट पाहणारे पठार, असे जिल्ह्याचे चित्र भूगोलाच्या पुस्तकाने मनावर ठसविले आहे. ते चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. जे शहर २०२४ सालापर्यंत अहमदनगर या नावाने ओळखले जात होते, तेथून सुमारे शंभर वर्षे ज्या निजामशाहीचा कारभार चालला, त्या राज्याला समुद्र होता आणि बंदरही होते. त्या बंदराचे नाव चौल. आज रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरवर, नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाकलेले हे गाव आणि त्याला लागून असलेले रेवदंडा यांच्यावरून मुरुडकडे जाणाऱ्या सहलींच्या गाड्या रोज धावतात. त्या गाड्यांत नगरची माणसेही असतात. आपल्याच जुन्या बंदरावरून आपण चाललो आहोत, हे त्यांपैकी किती जणांना माहीत असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासप्रेमींचा नाही. आपला माल कोणत्या वाटेने जगात जातो, त्या वाटेवर कोणाचा पहारा असतो आणि ती वाट बंद झाली तर आपल्या घरातील चुलीवर काय परिणाम होतो, याची जाण नसलेला प्रदेश आपल्या हिताचे नीट रक्षण करू शकत नाही. ही जाण पुस्तकातून काही अंशी येते. पण बंदराच्या गावात एक दिवस एकट्याने फिरून ती जितकी पक्की होते, तितकी अन्य कशाने क्वचितच होत असेल.

एका दिवसाची वाट

नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर आणि पुण्याहून अलिबाग सुमारे दीडशे. रात्रीच्या एस.टी.ने निघालेला माणूस सकाळी अलिबागला पोहोचतो, तेथून रेवदंड्याची गाडी धरतो आणि संध्याकाळी परतीला लागतो. खर्च तिकिटाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. एवढ्या दिवसात रेवदंड्याच्या कोटाची समुद्राकडील तटबंदी, पडक्या चर्चच्या भिंती आणि मूळच्या सात मजल्यांपैकी थोडेच उरलेला मनोरा पाहून होतो. चौलच्या रामेश्वराची पुष्करिणी, रेवदंड्यातील बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनामंदिर आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे समुद्रात शिरलेला कोर्लईचा डोंगरी किल्ला हेही त्याच दिवसात बसते. कोर्लई गावात आजही काही कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून बनलेली बोली घरात बोलतात. बंदर गेले, गलबते गेली. पण व्यापाराने एकत्र आणलेल्या माणसांच्या खुणा मात्र तीन-चार मैलांच्या परिसरात टिकून आहेत.

ही वाट एकट्याने चालावी असे म्हणण्यास कारण आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहली निघतात, त्या पन्नास जणांच्या घोळक्याने. त्यांत अंताक्षरी होते, छायाचित्रे होतात, आणि गाडी सुटण्याची वेळ होते. त्यात गैर काही नाही. परंतु एकट्या माणसाला वाट विचारावी लागते, वाडीवाल्याशी बोलावे लागते, कोळिणीला मासळीचा भाव विचारावा लागतो. कोटाच्या भिंतीजवळ तो थोडा वेळ नुसता बसतो, आणि ही भिंत येथे कोणी, कोणाच्या परवानगीने बांधली, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. शिक्षणाची सुरुवात अशा प्रश्नापासून होते.

परवानगी नगरची

त्या प्रश्नाचे उत्तर नगरकरांना थेट नगरला आणून सोडते. चौल हे फार जुने बंदर. ग्रीक-रोमन लेखकांना ते ठाऊक होते आणि दहाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या अल् मसूदी या अरब प्रवाशाने तेथील परदेशी व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीची नोंद केली आहे. ज्ञानेश्वरीमुळे महाराष्ट्राला वंद्य झालेल्या नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. प्रवरेच्या काठी पोहोचलेले ते कुंभ पश्चिम किनाऱ्यावरील कोणत्या तरी बंदरातून घाट चढूनच आले असणार.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्याजवळ विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. तो घेऊन तो घाट चढून जुन्नरला गेला. तेथील सुभेदाराने घोडा हिसकावून घेतला. पुढे एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. बंदरावरचा माल आणि देशावरची सत्ता यांचे नाते कसे असते, याचा हा एक छोटा पण बोलका नमुना आहे. ज्या जुन्नरला निकितिन गेला, तेथूनच पुढे मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला आणि राजधानीसाठी नगर वसविले. कोकणचा किनारा त्या राज्याबरोबर आला.

१५०८ मध्ये चौलसमोरच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईने पारडे फिरले. समुद्रावरील सत्ता पोर्तुगीजांची झाली आणि देशी गलबतांना त्यांच्याकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पडले. तो कागद जवळ नसेल तर माल जप्त होई. दख्खनच्या घोडदळाला लागणारे अरबी घोडे येत तेही समुद्रमार्गेच. अशा स्थितीत १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला किल्ला बांधू दिला. वरचे चौल निजामशाहीचे आणि खाडीच्या तोंडावरचे चौल पोर्तुगीजांचे, अशी वाटणी झाली. दिलेल्या परवानगीची किंमत पुढे कळली. मुर्तझा निजामशाहाने १५७०च्या अखेरीस मोठ्या फौजेनिशी वेढा घातला. तो १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि तहात संपला. समुद्राकडून रसद मिळणारा किल्ला जमिनीवरच्या सैन्याला घेता आला नाही. १५९४ मध्ये कोर्लईही गेले.

नागासाकीचे उदाहरण

ज्या १५७१ साली चौलचा वेढा उठला, त्याच साली पूर्वेला जपानमध्ये नागासाकी हे लहानसे कोळीगाव पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले. गोवा, मलाक्का, मकाव आणि नागासाकी ही एकाच व्यापारमार्गावरची ठाणी होती. चिनी रेशीम जपानला न्यावयाचे आणि जपानी चांदी आणावयाची, यावर तो व्यापार चाले. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया याच वाटेने जपानला गेला. १५९७ मध्ये नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत तो होता, आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. तेव्हा कोकणच्या किनाऱ्याला नागासाकी हे अगदीच परके गाव नव्हे.

नागासाकीच्या नशिबीही चढउतार आले. १६३६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी निजामशाही अस्तास गेली त्याच वर्षी, परकीयांना कोंडून ठेवण्यासाठी तेथे देजिमा नावाचे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट तयार झाले. तीन वर्षांत पोर्तुगीजांना जपानमधून हाकलण्यात आले आणि १६४१ पासून त्या बेटावर डच व्यापारी राहिले. पुढे दोन शतके जपानला युरोपचे वैद्यक आणि विज्ञान कळले ते मुख्यतः या चिंचोळ्या वाटेने. १८५९ नंतर योकोहामासारखी बंदरे उघडली आणि नागासाकीचे एकाधिपत्य संपले. १९०४ पर्यंत भराव पडून देजिमा शहरात बुडून गेले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तर शहरावर अणुबॉम्ब पडला.

असे असूनही १९५१ साली, त्या संहारानंतर अवघ्या सहा वर्षांनी, नागासाकी शहराने देजिमा पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. खाजगी मालकीच्या जागा एकेक करून विकत घेतल्या, इमारती जुन्या पद्धतीने बांधल्या आणि २०१७ मध्ये बेटाकडे नेणारा पूल पुन्हा जोडला. आज एकटा प्रवासी ट्रामचे तिकीट काढून एका दिवसात हे सारे पाहू शकतो आणि बंदराने आपल्या देशाचे काय केले, हे समजून परततो. व्यापार चौलचाही गेला आणि नागासाकीचाही पूर्वीसारखा राहिला नाही. फरक आहे तो आठवणीत. जपान श्रीमंत आहे म्हणून त्याला हे परवडते, असे म्हणून सुटता येणार नाही. १९५१ चे नागासाकी श्रीमंत नव्हते.

बंदर का मरते?

चौल गाळामुळे बुजले, असे सर्रास सांगितले जाते. गाळ होताच, पण ते अर्धेच कारण आहे. बंदर जगते ते पृष्ठप्रदेशावर. मागच्या पठारावर सत्ता, कारागिरी आणि बाजारपेठा असतील तर बंदराची खोली राखली जाते, नाही तर ती कोणी राखत नाही. निजामशाही संपली, राजकीय केंद्रे बदलली, १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले तोवर मुंबईचा उदय सुरू झाला होता. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर आली आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्गाने ती नगरला पोहोचली. त्यानंतर नगरचे बंदर मुंबई झाले, आणि १९८९ पासून न्हावाशेवा. सप्टेंबर १९८९ असो वा सोळावे शतक, नगरचा माल रायगडच्याच किनाऱ्याकडे उतरतो, ही गोष्ट नकाशा उघडला तर लगेच दिसते.

याचा आजच्या जीवनाशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या कांदाबाजारात जाऊन यावे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती उघडली, पण शुल्क आणि टनामागे ५५० डॉलरची किमान किंमत यांसह. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले. शहरातील ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, ही सरकारची चिंता अयोग्य म्हणता येणार नाही. पगारावर जगणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनालाही ती पटेल. पण ज्या शेतकऱ्याने परदेशच्या मागणीचा अंदाज बांधून लागवड केली, त्याला एका अधिसूचनेने वाटेतच थांबविले जाते तेव्हा तो भाव पडल्याचे खापर व्यापाऱ्यावर, नशिबावर किंवा पावसावर फोडतो. वाट बंदरावर अडली आहे, हे त्याला दिसत नाही, कारण बंदर त्याने पाहिलेले नाही. सोळाव्या शतकात कार्ताझ परक्याच्या हाती होता. आज परवाना आपण निवडून दिलेल्या सरकारच्या हाती आहे. तेव्हा करता येत नव्हते ते आज करता येते: किती दिवस आधी सूचना द्यावी, करार झालेल्या मालाचे काय करावे, नुकसान कोणी सोसावे, हे प्रश्न विचारता येतात. मात्र ते विचारण्यासाठी आधी सुचावे लागतात.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी अर्थशास्त्र, वाणिज्य आणि इतिहास या विषयांच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांना एका दिवसाची रजा आणि ऐपत नसेल त्यांना एस.टी.चे भाडे द्यावे. अट एकच: चौलला एकट्याने जावे आणि पाहिलेल्यावर दोन पाने लिहावीत. ती पाने पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना वाचावयास मिळावीत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात चौल–जुन्नर–नगर या मार्गाच्या नकाशाला ठळक जागा असणे उचित ठरेल, आणि रेवदंड्याला नगरचे नाव सांगणारा एखादा मराठी फलक असला तर तो वाया जाणार नाही.

मुलींना एकटे कसे पाठवावे, ही शंका अनेक घरांत निघेल. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मेच भाडे पडते; म्हणजे राज्याने भाड्याची अडचण कमी केली आहे, उरलेली अडचण घरातील आहे. पालकांच्या काळजीला हसण्याचे कारण नाही. दिवसाची वाट, वर्दळीचा रस्ता, आधी ठरविलेली गाडी, एवढी तयारी करता येते. पण जी मुलगी पदवी घेऊन उद्या बँकेत किंवा शाळेत नोकरीसाठी परगावी जाणार आहे, तिने त्याआधी एक दिवस एकटीने समुद्र पाहून येण्यास हरकत घेणे सुसंगत नाही. बरोबर भाऊ पाठविला तर प्रवास होईल. प्रश्न मात्र भाऊ विचारील आणि उत्तरेही त्यालाच मिळतील.

न्हावाशेव्याचे बंदर सामान्य माणसाला सहज आत जाऊन पाहता येत नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली; त्याला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्या बंदराचा लाभ देशावरील कोणत्या जिल्ह्याला किती होणार, याची चर्चा अजून व्हावयाची आहे. ती चर्चा मुंबईच्या कचेऱ्यांत परस्पर होऊ द्यावयाची की तिच्यात नगरच्या शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा आणि शिकलेल्या तरुणाचा शब्द असावा, हे शेवटी या जिल्ह्याने ठरवावयाचे आहे. चौलची तटबंदी मात्र कोणालाही, कोणत्याही दिवशी पाहता येते. रात्रीची गाडी धरून एकदा तेथवर जाऊन येण्यापासून आरंभ करावयास काही हरकत नसावी.