चौदा नंबरचं घर

आमच्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात एका घराचा फोटो आहे. गवताने शाकारलेलं छप्पर, पांढऱ्या भिंती, दारावर गुलाबाचा वेल. बिस्किटांच्या डब्यावर असतं ना, अगदी तसं. धाकटी लेक इंग्लंडमध्ये लग्न करून स्थिरावली, त्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हाच त्यांनी मला त्या फोटोपुढे उभं करून सांगितलं होतं, की डॉर्सेट परगण्यातल्या आमच्या मूळ गावातलं हे आमचं घर, माझ्या खापरपणजोबांचं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते लहान आहे, आणि त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी पुन्हा तिकडे होते. व्याह्यांना ८४ वं लागलेलं, नजर अधू झालेली. नातीसाठी सगळे जुने कागद एका वहीत लावून द्यायचे होते, म्हणून फाइल आमच्या दोघींच्या हवाली झाली. नात वाचणार आणि मी चिकटवणार, अशी वाटणी. (माझं बी. ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी छापील असेल तर वाचते, पण त्या बोरूच्या वळणांपुढे मी हात टेकले.)

त्या घराचा पुरावा म्हणजे १८५१ च्या शिरगणतीच्या एका पानाची प्रत. तिकडे १८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते, फक्त १९४१ ची युद्धामुळे झाली नाही. माणसांची नावं १८४१ पासून मिळतात. कागद शंभर वर्षांनी खुले करतात. १९२१ चे २०२२ साली झाले. १८५१ च्या पानावर खापरपणजोबा, वय ३६, शेतमजूर, बायको, तीन मुलं. डावीकडच्या पहिल्या रकान्यात १४. गावात आज १४ नंबरचं जे घर आहे, तेच ते. व्याह्यांनी तीस वर्षांपूर्वी जाऊन फोटो काढला आणि चौकट करून आणली.

मी शाळेत ३१ वर्षं हजेरीपट भरले. आकडे १, २, ३ असे एकही न गाळता खाली खाली जात असतील, तर ते घरांचे नंबर नसतात हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. नातीला म्हटलं, त्या रकान्याचं डोकं वाच बघू. लिहिलं होतं, कुटुंबाच्या तक्त्याचा क्रमांक. म्हणजे मोजणाऱ्याने घरोघर वाटलेल्या तक्त्यांचा अनुक्रम, आपल्या पटावरच्या क्रमांकासारखा. मग १८६१ चं पान काढलं. तेच कुटुंब, तेच शेजारी, आणि नंबर ५२! मोजणारा त्या खेपेला गावाच्या दुसऱ्या टोकाकडून निघाला असणार. खेड्यातल्या घरांना नंबर मिळाले तेच मुळी बऱ्याच नंतर.

ही चूक एकट्या व्याह्यांची नाही. पूर्वजांचं घर शोधणारे पुष्कळ लोक याच रकान्यात अडखळतात, असं नंतर वाचनात आलं.

मग घर कुठे होतं? इथे मला मजा यायला लागली. मोजणारा ज्या वाटेने चालला त्याच क्रमाने पान भरलेलं असतं. आमच्या १४ च्या वर ११ वर खानावळवाला, १२ वर लोहार. खाली १७ वर पाद्रीबाबा. मधले चारही मजूर. चर्चला द्यायचा दशमांश पूर्वी धान्य, लोकर अशा जिनसांत देत. १८३६ च्या कायद्याने तो पैशांत ठरला, आणि त्यासाठी गावोगाव मोजणी होऊन नकाशे तयार झाले. नकाशातल्या प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत त्यापुढे मालक कोण, वहिवाट कोणाची, शेत की कुरण की घर, क्षेत्र किती. प्रत्येक नकाशाच्या तीन प्रती केल्या होत्या: एक सरकारला, एक बिशपला, एक गावाला. खानावळ सापडली, पाद्रीबाबांचं घरही सापडलं. दोहोंच्या मध्ये रस्त्याला लागून एक चिंचोळा तुकडा, ‘घरं व बागा’. मालक एक जमीनदार. वहिवाटदार: अमुक तमुक ‘आणि इतर’.

आमचे लोक त्या ‘इतर’मध्ये. सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकारा’च्या रकान्यात डोळे घालून नावं शोधणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, त्यांची आठवण झाली.

१८८० नंतरच्या सर्व्हेच्या मोठ्या नकाशात तिथे चार खोल्यांची चाळ दिसते. पुढच्या आवृत्तीत नाही. आणि फोटोतलं घर? ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दीडशे एकर कसणाऱ्या शेतकऱ्याचं. शिरगणतीत शेतकऱ्यापुढे एकर आणि मजूर दोन्हींचा आकडा लिहीत. याच्याकडे सहा मजूर होते.

याच परगण्यातल्या टोलपडलच्या सहा शेतमजुरांची गोष्ट काहींना ठाऊक असेल. आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ७ वर आली आणि ६ करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी संघटना केली. १८३४ साली त्यांना बेकायदा शपथ दिल्याबद्दल सात वर्षं ऑस्ट्रेलियात हद्दपारीची शिक्षा झाली. देशभर ओरड झाल्यावर १८३६ मध्ये माफी मिळाली. अशा मजुरीत गुलाबाचा वेल कुठला! मजुराचं घर बहुधा मालकाच्या मर्जीवर, काम सुटलं की घरही सुटायचं. १८५१ च्या पानावर जन्मगावही लिहिलेलं असतं. आमच्या तीन मुलांची जन्मगावं तीन वेगवेगळी आहेत. नात म्हणाली, “आजी, मग आपलं मूळ गाव नक्की कुठलं?” मला उत्तर देता आलं नाही.

लेकीचं आणि माझं यावरून वाजलं. तिचं म्हणणं, “आई, राहू दे ना. कोणाचं काय बिघडतंय? या वयात त्यांना कशाला दुखवायचं?” तिचं खोटं नव्हतं. पण मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. वाडवडिलांचं घर आवडीनं निवडायची वस्तू नव्हे. त्या चार खोल्यांत राहिलेल्यांची नावं नकाशाच्या यादीने गाळली, चाळ कोणी तरी पाडली, आणि आता त्यांचे वंशजच त्यांना उचलून मालकाच्या घरात नेऊन बसवणार! शिवाय नात ती वही पुढे आपल्या मुलांना देणार. तिच्या हातात चुकीचं उत्तर आहे हे माहीत असून गप्प बसणं मला मास्तरीणबाई म्हणून जमण्यासारखं नव्हतं.

शेवटी नातीनेच सांगितलं, नकाशे मांडून. व्याही काही बोलले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, गाडी कोण चालवणार?

जागा म्हणजे रस्त्याकडेचा गवताळ पट्टा, सफरचंदाचं एक रान माजलेलं झाड आणि छातीपर्यंत नेटल. हात लागला की आग होते अशी ही वनस्पती. माणसांच्या जुन्या वस्तीच्या जमिनीत फॉस्फेट साठतं आणि तिथे ती फोफावते, असं जावयांनी सांगितलं. व्याही काठी टेकत आत शिरले, चार पावलं मोजली, वळून परत चार मोजली. “पाच माणसं,” एवढंच म्हणाले.

नातीच्या घोट्याला नेटल लागलं. त्यांनी तिथेच वाकून डॉक नावाचं रुंद पान शोधलं आणि तिच्या पायाला चोळत बसले.

फोटो भिंतीवर अजून आहे. खाली नातीच्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘इथे बहुधा आम्ही कामाला होतो.’ ‘बहुधा’ हा शब्द व्याह्यांनी घालायला लावला. लेक मात्र अजून म्हणते की मी गप्प बसायला हवं होतं.