कागद कोणाच्या कपाटात होता?

पेटंट परवान्याच्या दाव्यात मुख्य भांडण दराचे असते. एरिक्सनने मोबाइल तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून लावा कंपनीविरुद्ध 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि सुमारे 244 कोटी रुपयांच्या भरपाईचा निकाल लागला मार्च 2024 मध्ये. पेटंटचे आयुष्य 20 वर्षांचे, हे लक्षात घेतले की या नऊ वर्षांचे वजन कळते. मागितलेली रॉयल्टी रास्त आहे का, हे ठरवायला पेटंटधारकाने इतर उत्पादकांशी केलेले करार पाहावे लागतात आणि ते त्याच्याच कपाटात असतात. विक्रीचे खरे आकडे मात्र प्रतिवादीच्या हिशेबवह्यांत असतात. म्हणून उशिरा आलेल्या पुराव्याबाबत किती दिवस उलटले यापेक्षा तो कागद कोणाच्या ताब्यात, कधीपासून होता, हे आधी विचारले पाहिजे.

कायद्याचा रोखही हाच आहे. वाणिज्यिक न्यायालय कायदा, 2015 नुसार वादीने ताब्यातले संबंधित कागद दाव्यासोबतच द्यायचे असतात. राहिलेला कागद वाजवी कारण दाखवून, न्यायालयाच्या परवानगीनेच पुढे आणता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या सुधीर कुमार प्रकरणात दावा लावताना हाताशी असलेले आणि नंतर सापडलेले कागद यांत स्पष्ट फरक केला. यावर आक्षेप असा, की तांत्रिक कारणाने पुरावा नाकारला तर सत्यच दाराबाहेर राहते. आक्षेप वजनदार आहे; पण उलटतपासणी संपल्यावर आलेला करार पारखायला समोरच्याला संधीच उरत नाही, आणि न पारखलेल्या कागदाला सत्य म्हणता येत नाही. करार गोपनीय असल्याची सबब तर मुळीच टिकू नये. ठरावीक वकील व तज्ज्ञांनाच कागद दाखवणारा ‘कॉन्फिडेन्शियालिटी क्लब’ दिल्लीत रुळलेला आहे. पहिल्याच तारखेला तो मागता येतो. दावा चालू असताना झालेला नवा करार मात्र स्वीकारलाच पाहिजे, कारण तो आधी देणे शक्यच नव्हते.

एका ठिकाणी मी हात सैल ठेवीन. पेटंट मुळात नवे नव्हतेच, हे दाखवणारा जुना शोधनिबंध उशिरा सापडला, तर प्रश्न दोन कंपन्यांपुरता राहत नाही. चुकीच्या मक्तेदारीची किंमत प्रत्येक ग्राहक मोजतो. तो कागद दाखल करून घ्यावा, वादीला उत्तराला वेळ द्यावा आणि लांबलेल्या सुनावणीचा पूर्ण खर्च आणणाऱ्याकडून वसूल करावा.