गट म्हणजे संघ नव्हे



अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, घाटकोपर-मुलुंडच्या सफाई चौक्यांवर, बोरिवलीच्या गृहसंकुलांच्या पहाऱ्यावर आपल्यापैकी पुष्कळजण कंत्राटावर राबतात. त्यांच्या मोबाईलवर सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट असतो. आणि गट झाला म्हणजे संघटना झाली, असा समज बळावत आहे. हा समज घातक आहे.

गट हा जमाव होय. त्यात शिरणाऱ्या प्रत्येकास इतरांचे दूरध्वनी क्रमांक दिसतात. मुकादमाचा एक माणूस आत आला की सर्वांची यादी कंत्राटदाराच्या हाती पडते. मग कोणाला कामावरून काढावयाचे, हे त्याला शोधावे लागत नाही. शिवाय ज्या भगिनीचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो, ती गटाबाहेरच राहते.

संघाची गोष्ट निराळी आहे. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम भिक्षुसंघाला ठाऊक होते, याचे स्मरण पूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीस करून दिले. कायदाही हीच शिस्त मागतो. सात सभासद नोंदणीचा अर्ज करू शकतात. मात्र आस्थापनेतील कामगारांचा दहावा हिस्सा किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तितके सभासद हवेत. जुन्या कायद्यातील ही अट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. अंगठ्याचे चित्र पाठविल्याने कोणी सभासद होत नाही. त्यास सही लागते, वर्गणी लागते.

मग मोबाईल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. हजेरी, वेतनचिठ्ठी, मुकादमाचे हुकूम यांची छायाचित्रे तारखेनिशी जपा. सभेचा निरोप त्यावरून धाडा. मसलत मात्र समोरासमोर करा. आणि सभा केवळ विहारात भरवू नका. तसे केल्यास शेजारी राबणारा मुसलमान वा मराठा कामगार बाहेर राहील. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तो याच जाणिवेने.

मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघ १९९७ साली स्थापन झाला. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात टिकला, तो २०१७ साली. वीस वर्षे चिकाटी धरणारी माणसे लागली. मोबाईल निरोप्या आहे. संघ तुम्हालाच व्हावे लागेल.