टाळेबंदीचा ताळेबंद : अरण्यातील हिशेब

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांनी ती अमलात आली. त्या रात्री चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो मजूर आपल्या घरी नव्हते. ते तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात, खम्मम, वरंगळ आणि गुंटूरकडील शेतांवर मिरची तोडत होते. धानाची कापणी-मळणी उरकली की तिकडे जावयाचे आणि हंगाम संपता संपता चार पैसे गाठीला बांधून परतावयाचे, हा या भागातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. जे गावी राहिले होते त्यांचे डोळे मोहाच्या झाडाकडे लागलेले होते. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि त्यांच्या पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. वर्षातील ज्या मोजक्या आठवड्यांत अरण्यातल्या माणसाच्या हाती रोकड पडते, नेमके तेच आठवडे टाळेबंदीने गिळले.

त्या काळी शासनाच्या धोरणावर देशात जो वाद झाला तो बहुतांशी ‘जीव की जीविका’ या दोन शब्दांभोवती फिरत राहिला. एका पक्षाचे म्हणणे असे की, माणूस जगला तर व्यवहार पुन्हा उभा करता येईल. दुसरा पक्ष म्हणे की, व्यवहार बुडाला तर माणूस जगणार कशावर? दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने मुंबई, पुणे, दिल्ली ही शहरे होती. या दोन अरण्यबहुल जिल्ह्यांचा अनुभव तपासला तर खरा प्रश्न याहून निराळा असल्याचे दिसते. टाळेबंदी असावी की नसावी याइतकेच महत्त्व ती कोणत्या पंचांगानुसार आणि कोणाला विचारून लावली गेली, या प्रश्नाला आहे.

दोन्ही बाजूंत तथ्य

टाळेबंदीच्या समर्थकांची बाजू दुबळी नव्हती, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्यात २०२० साली एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. चंद्रपूरला ते २०१५ पासून होते, तरीही साथीच्या प्रारंभी दोन्ही जिल्ह्यांतील संशयितांचे नमुने तपासणीसाठी नागपूरला पाठवावे लागत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा उर्वरित जगाशी संबंध तुटतो. अशा ठिकाणी साथ एकदम पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. तयारीसाठी अवधी मिळणे आवश्यक होते आणि तो मिळालाही. ३० एप्रिल २०२० च्या केंद्रीय यादीत महाराष्ट्रातील केवळ सहा जिल्हे ‘हरित’ होते, त्यांत गडचिरोलीचा समावेश होता. चंद्रपूर ‘नारिंगी’ पट्ट्यात होते.

टीकाकारांचा आक्षेप असा की, जेथे रुग्णच नाही तेथे हात बांधून बसविण्यात काय हशील? हा आक्षेपही वरवरचा नव्हता. परंतु दोन्ही पक्षांनी जिल्हा म्हणजे भिंतींनी वेढलेले बेट मानले, आणि येथेच खरी मेख आहे. गडचिरोलीत संसर्ग आला तो मे महिन्याच्या मध्यास, बाहेरून परतलेल्या मजुरांबरोबर. माणसे परतणार हे पहिल्या दिवसापासून उघड होते. प्रश्न केवळ ती केव्हा आणि कशी परतणार, एवढाच होता. मिरचीच्या शेतावरील मजूर मार्चअखेरीस गर्दीच्या शहरात नव्हता, तो खेड्यातून खेड्याकडे येणार होता. त्याच वेळी वाहनांची सोय करून त्याला आणले असते आणि गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवले असते, तर धोका फारसा वाढला नसता. तसे घडले नाही. वाहतूक बंद झाल्याने अनेकांनी जंगलवाटा धरल्या आणि पायी गाव गाठले. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतावरून चालत निघाली आणि एप्रिलमध्ये घर जवळ आले असता वाटेतच मरण पावली. तिला संसर्ग झालेला नव्हता. साथीच्या मृत्यूंच्या कोणत्याही तक्त्यात असा मृत्यू येत नाही, पण धोरणाच्या ताळेबंदात तो खर्चाच्या बाजूस मांडावाच लागतो.

हंगाम थांबत नाही

वनोपज गोळा करण्यास केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीतून सूट दिली ती १६ एप्रिल २०२० च्या आदेशाने. म्हणजे टाळेबंदी सुरू झाल्यापासून तब्बल तेवीस दिवसांनी. कारखाना तीन आठवडे बंद राहिला तर यंत्रे जागच्या जागी राहतात. मोहफूल मात्र शासकीय आदेशाची वाट पाहत नाही. ज्यांनी आदेशापूर्वीच ते वेचले त्यांच्यापुढेही पेच होताच, कारण आठवडी बाजार बंद होते आणि व्यापाऱ्याला गावापर्यंत येता येत नव्हते. वेचण्याची मोकळीक आणि विकण्याची बंदी, अशी ती अर्धी सूट होती. मोहफूल वाळवून ठेवता येते हे खरे, पण ज्याच्या घरातली कणगी रिकामी आहे त्याला साठवण परवडत नाही. तो दारात येईल त्याला, मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. साठविण्याची ऐपत ज्याच्यापाशी, भाववाढीचा लाभ त्याला, हा बाजाराचा नियम साथीच्या काळात अधिकच निष्ठुरपणे लागू पडला.

तेंदूपत्त्याची अडचण आणखी निराळी. पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. देशात सामूहिक वनहक्क सर्वप्रथम, २००९ साली, ज्या गावांना मिळाले त्यांत याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव होते. लिलावाच्या अटी, पुड्याचा भाव, मजुरी या साऱ्या गोष्टी ग्रामसभेत ठरावयाच्या. आणि ग्रामसभा भरवावयाची तर माणसे एकत्र यावयास हवीत. जमावबंदीचा आदेश काढताना ग्रामसभा हीदेखील एक घटनामान्य संस्था आहे, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

जे आधी होते तेच पोहोचले

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या भांडारात गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक साठा होता. त्या तारखेला आवश्यक मानलेल्या साठ्याच्या तो अडीचपटीहून जास्त होता. त्यातून दरमहा दरडोई पाच किलो धान्य मोफत देण्याची योजना एप्रिल २०२० पासून सुरू झाली आणि मधल्या काही महिन्यांचा खंड वगळता डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. वाटपात तक्रारी झाल्या, शिधापत्रिका नसलेले वंचित राहिले, तरी दुर्गम गावांतही चूल पेटती राहिली ती प्रामुख्याने या धान्यावर.

याच्या शेजारी राज्य शासनाची खावटी अनुदान योजना ठेवून पाहावी. बंद पडलेली ही योजना २०२० मध्ये एका वर्षापुरती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. आदिवासी कुटुंबास चार हजार रुपये, त्यांपैकी निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, असे तिचे स्वरूप होते. लाभार्थी कुटुंबांची संख्या साडेअकरा लाखांच्या घरात होती. निर्णय ऑगस्टमध्ये झाला, शासन निर्णय सप्टेंबरमध्ये निघाला. पुढे दुसरी लाट आली. १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटी रुपयांचे जे साहाय्य जाहीर केले, त्यात याच खावटीचे दोन हजार रुपये पुन्हा एकदा मोजले गेले. पहिल्या टाळेबंदीत रोजगार बुडालेल्या मजुराला तिच्या भरपाईचे आश्वासन दुसऱ्या टाळेबंदीच्या उंबरठ्यावर नव्याने मिळत होते.

दोन योजनांतील या अंतराचे कारण कोणा मंत्र्याच्या वा अधिकाऱ्याच्या नियतीत शोधण्याची गरज नाही. रास्त भावाचे दुकान साथीपूर्वीपासून होते. यादी होती, गोदाम होते, वाहतूक ठरलेली होती. फक्त धान्य वाढवावयाचे होते. खावटीची यंत्रणा मात्र मोडीत निघालेली होती. याद्या, सर्वेक्षण, खरेदी, निविदा असे सारे मुळापासून उभारावे लागले. आपत्तीच्या वेळी नवी योजना पोहोचत नाही, आधीपासून चालू असलेली व्यवस्थाच पोहोचते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर काढली आणि १९७७ साली तिला कायद्याचे अधिष्ठान दिले, त्यामागील शहाणपण हेच होते.

लस आणि विश्वास

लसीकरणातही हीच उणीव निराळ्या रूपाने प्रकट झाली. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटास लस खुली झाली, परंतु तिच्यासाठी संगणकावर वा भ्रमणध्वनीवर आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांतील ज्या गावांत साधा दूरध्वनी लागत नाही, तेथील तरुणाने नोंदणी करावी कोठे? सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात नेमका हाच प्रश्न विचारला आणि या वयोगटाला पैसे देऊन लस घेण्यास लावणारे धोरण मनमानी व असमंजस असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदविले. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत लसीचे धोरण स्वीकारले.

मात्र लस दारात आली म्हणून दंड पुढे होतोच असे नाही. आदिवासी गावांत लसीविषयी भीती होती आणि तिला शहरी वाचक सहज अज्ञान म्हणून मोकळे झाले. शासनाशी ज्यांचा संबंध मुख्यतः वनरक्षक आणि पोलीस यांच्यामार्फत येतो, त्यांनी एका सकाळी आलेल्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा ही अपेक्षाच भाबडी आहे. विश्वास कसा मिळवावा याचा धडा याच जिल्ह्याने पूर्वी जगाला दिलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू घटविले आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जिच्या हाती गावाने आपले तान्हे मूल दिले, तिच्या हातून लसीचा निरोप गेला तर तो ऐकला जातो.

२७ मे २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरलेली नसताना, राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची २०१५ पासूनची दारूबंदी उठविली. बंदी फसली होती की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु ज्या स्त्रियांनी मोर्चे काढून ती मिळविली होती, त्यांना त्या वेळी रस्त्यावर एकत्र येण्यासही मनाई होती. लोकांची तोंडे साथीच्या नियमाने बंद असताना वादग्रस्त निर्णय उरकून घेणे लोकशाहीच्या प्रकृतीस मानवणारे नाही.

पुढील साथीपूर्वी

२०२० साली राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे पुण्यात रँडची हत्या झाली त्या सालचा. त्या कायद्यात शासनाचे अधिकार आहेत आणि प्रजेची कर्तव्ये आहेत. शासनाची कर्तव्ये शोधून सापडत नाहीत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला, तथापि प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती वरून आलेला आदेश राबविण्यापलीकडे फारसे काही उरले नाही.

आज परिस्थिती काहीशी पालटली आहे. गडचिरोलीत वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. इमारती आणि खाटा वाढल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु पुढील साथ मार्चमध्ये आली तर काय, या प्रश्नाचे उत्तर इमारतीत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात मोह, तेंदू आणि मिरचीच्या हंगामांची नोंद हवी. तेलंगण आणि छत्तीसगड यांच्याशी मजुरांच्या परतीविषयी आधीच करार हवा. खावटीची यादी दरवर्षी अद्ययावत हवी, म्हणजे रक्कम आठवड्यात देता येईल. आणि ज्या ग्रामसभा स्वतःच्या बांबूचा व तेंदूचा हिशेब चोख ठेवतात, त्यांना संकटात निर्णयाचा आणि निधीचा अधिकार हवा. यातील कोणत्याच गोष्टीला फार पैसा लागत नाही. आदेश काढण्यापूर्वी चार माणसांना विचारण्याची सवय मात्र लागते, आणि ती सवय साथ आल्यावर लावून घेता येत नाही.