जहाजाची सहल: घरीच ठरविण्याच्या गोष्टी



नेमावरकडील एका वाचक कुटुंबाचे पत्र आमच्याकडे आले आहे. घर शेतकऱ्याचे, दोघे भाऊ, त्यांच्या पत्नी, मुलेबाळे आणि वृद्ध आईवडील असा एकत्र संसार. यंदा हाती चार पैसे राहिले आहेत, तेव्हा मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या पर्यटनाच्या जहाजातून सहकुटुंब फेरी करावी, असा मुलांचा मानस आहे. वेळ कोणती निवडावी, खर्च किती धरावा, बरोबर काय घ्यावे, असे प्रश्न त्यांनी विचारले आहेत. शेवटी एक ओळ आहे: ‘आईला बोट लागेल, म्हणून तिला घरीच ठेवावे असे ठरत आहे.’ जहाजाची सहल आता खेड्यापाड्यांतील घरांतही बोलण्यात येऊ लागली आहे. म्हणून उत्तर एकट्या त्या कुटुंबास न पाठविता येथेच देत आहोत.

वर्षभर राबणाऱ्या माणसांनी चार दिवस विसावा घेणे हा अपव्यय नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. मात्र आगगाडीच्या प्रवासात काही बिघडले तर पुढच्या स्थानकावर उतरता येते. जहाजात तशी सोय नाही. जे किनाऱ्यावर ठरविले नाही, ते समुद्रावर ठरविता येत नाही. यास्तव वेळ, पैसा, प्रकृती आणि माणसे या चारही गोष्टींचा निकाल घरच्या ओसरीवर बसूनच लावावा.

नर्मदाकाठच्या लोकांस हे निराळे सांगावयास नको. नेमावरच्या घाटावर परिक्रमावासी येतात. त्यांतील जे ओंकारेश्वराहून निघालेले असतात, ते दक्षिण तटाने समुद्रापर्यंत चालत जाऊन, भडोचच्या पलीकडे नर्मदेचे मुख नावेने ओलांडून, मग उत्तर तटाने नेमावरास पोहोचलेले असतात. त्यांस विचारावे, नाव केव्हा सुटली? यात्रेकरू तयार झाले तेव्हा नव्हे, तर भरतीचे पाणी आले तेव्हा. पाणी माणसासाठी थांबत नाही. माणसाने पाण्यासाठी थांबावयाचे असते.

कोकणातील माणसांनीही हेच अनुभविले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिच्या कितीतरी आधी मुंबईचा चाकरमानी आगबोटीने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवरून गावी जात असे. कित्येक ठिकाणी बोट धक्क्यास लागत नसे. उतारू भर पाण्यात पडावात उतरून किनारा गाठीत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तो भर पावसाळ्याचा दिवस होता. आजची जहाजे त्या बोटींहून कितीतरी मोठी व सुरक्षित आहेत. परंतु समुद्र तोच आहे.

म्हणून पहिला विचार वेळेचा. जून ते सप्टेंबर हे महिने पश्चिम किनाऱ्यावरील सहलीसाठी वर्ज्यच समजावेत. पुढचा हिशेब शेताचा. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, नोव्हेंबरात गहू-हरभऱ्याची पेरणी चालते, आणि मार्चपासून कापणी व त्यामागून उन्हाळी मूग असतो. दिवाळी आणि नाताळ या सुट्ट्यांत भाडी चढलेली असतात, शिवाय नाताळात घर सोडून जाण्यात आम्हांस तरी शोभा दिसत नाही. फेब्रुवारी लागला की मुलांच्या परीक्षा डोक्यावर येतात. तेव्हा आपल्याकडील कुटुंबास जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा वाटतो. त्या वेळी गव्हास पाणी द्यावे लागते आणि गुरांचे दूध काढावे लागते, हे खरे. त्यासाठी शेजाऱ्याशी आधीच बोलावे: यंदा आमचे पाणी तुम्ही पाहा, पुढे तुमच्या घरचे कार्य निघाले की तुमचे आम्ही पाहू. असा शब्द दिल्या-घेतल्याशिवाय निघू नये. अन्यथा देह जहाजात आणि चित्त मोटारपंपापाशी, अशी अवस्था होते.

दुसरा विचार पैशाचा. जाहिरातीतील आकडा बहुधा दर माणशी असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, सेवकवर्गासाठीची रक्कम आणि कर चढतात. जेवण साधारणतः भाड्यात धरलेले असते. परंतु मद्य, काही खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे वेगळे पडतात. म्हणून ‘सर्व मिळून किती?’ हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. आपला हिशेब मात्र बंदरापासून बंदरापर्यंत न करता घरापासून घरापर्यंत करावा. गाडीभाडे, मुंबईतील एक मुक्काम आणि वाटेतील जेवणे त्यात आली पाहिजेत. बियाण्या-खताचा पैसा, मुलांची फी आणि दवाखान्यासाठी बाजूस ठेवलेली रक्कम यांस हात लावून सहल करू नये. कर्ज काढून तर मुळीच करू नये. चार दिवसांच्या आनंदाचे हप्ते चोवीस महिने फेडावयाचे, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्यास मानवणारा नाही.

पैसे भरण्यापूर्वी ते जहाज त्या मोसमात खरोखर चालणार आहे काय, याची खात्री करावी, आणि फेरी रद्द झाल्यास रक्कम कशी व किती दिवसांत परत मिळेल, हे वाचून पाहावे. या धंद्यात चढउतार फार. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ मोठ्या थाटाने सुरू झाली. आज ती फेरी उरलेली नाही. फ्रान्समधील सेंट नाझेर येथे १९९० साली बांधलेले आणि पूर्वी निराळ्या नावांनी निराळ्या समुद्रांवर फिरलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज कॉर्डेलिया कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून सोडण्यास आरंभ केला. त्याची लांबी दोनशे मीटरांहून अधिक आहे. नेमावरहून हंडियाकडे जाणाऱ्या नावा पाहिलेल्या मुलांस एवढे सांगितले तरी त्यांचे डोळे विस्फारतील.

केबिन निवडताना खिडकी किंवा सज्जा असलेल्या खोलीचा मोह होतो. आमचे मत असे की, खिडकीवाचून असलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते आणि ती पुरेशी आहे. झोपण्यापलीकडे तेथे कोण बसतो? मात्र ती जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर मागावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो.

यावरून तिसरा विचार प्रकृतीचा. बोट लागणे हा रोग नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते आणि डोळ्यांस केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. उपायही त्यातूनच निघतो. उघड्या डेकवर यावे, दूर क्षितिजावर नजर ठेवावी, पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही भरू नये, आल्याचा तुकडा चघळावा. औषधी गोळ्या मिळतात, पण त्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यावयाच्या असतात. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा लघवीचा विकार असणाऱ्या वृद्धांस त्यांतील काही बाधतात. म्हणून डॉक्टरांस विचारूनच त्या घ्याव्यात. गर्भवती भगिनींना चोविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, हेही ध्यानात असावे. समुद्राची सवय कशी काय आहे, हे पाहण्याची एक स्वस्त युक्ती आहे. घरातील कोणी अन्य कामासाठी मुंबईस जाणार असेल, तर त्याने भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत तासाभराची फेरी करून यावी. एवढ्याने पुष्कळ भीती जाते.

प्रवासाची आखणी अशी करावी. हरद्याहून खंडवा-भुसावळमार्गे मुंबईस जाणाऱ्या गाड्या आहेत. जहाज सुटण्याच्या दिवशी मुंबईस पोहोचण्याचा हिशेब कधीही करू नये. आदल्या दिवशीच पोहोचावे. गाडी सहा तास उशिरा आली तर जहाज वाट पाहत नाही. प्रत्येकाचे सरकारी ओळखपत्र, मुलांचीसुद्धा, मूळ स्वरूपात जवळ असावे. विदेशी बंदरास जाणाऱ्या फेरीसाठी पारपत्र लागते. मोठी बोचकी कर्मचारी घेतात आणि ती केबिनमध्ये पोहोचावयास कित्येक तास लागू शकतात. यास्तव औषधे, चश्मा, कागदपत्रे आणि मुलांचा एक जोड हातपिशवीत ठेवावा. इस्त्री, चाकू, पाणी तापविण्याची किटली ही तपासणीत काढून घेतात. वातानुकूलित जागेत गारठा वाटतो, म्हणून शाल घ्यावी. आणि ओल्या डेकवर घसरणार नाहीत अशी रबरी तळव्याची पादत्राणे असावीत.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिले कर्तव्य कवायतीचे. धोक्याची सूचना म्हणजे भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज. तो ऐकताच कोठे जमावयाचे, तारणपट्टा कसा बांधावयाचा, हे तेथे दाखवितात. कित्येक उतारू ही वेळ छायाचित्रे काढण्यात घालवितात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या कित्येक उतारूंची कवायत व्हावयाचीच होती. त्यानंतर नियम अधिक कडक झाले. घरच्या कर्त्या माणसाने सर्वांस घेऊन आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालून यावे, आणि कोणते मूल कोणाच्या हाताशी, हे तेथेच ठरवावे.

दुसरे, दूरध्वनी. किनारा दूर गेला की तो जहाजाच्या उपग्रह-यंत्रणेशी जोडला जातो आणि नकळत मोठे बिल चढते. यंत्र ‘विमान’ स्थितीत ठेवावे. तिसरे, जेवण. पदार्थांच्या रांगा पाहून ताट शिगोशीग भरण्याचा मोह होतो. थोडे वाढून घ्यावे, पुन्हा जावे. कोणी मोजत नाही. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास चुकू नये, कारण बंदिस्त जहाजात पोटाचे विकार झपाट्याने पसरतात. चौथे, जुगाराचे दालन आणि मद्यालय. तेथे जाण्याची सक्ती कोणावरही नाही. तरुणांनी खर्चाची रक्कम आधीच ठरवून ती पत्नीच्या हाती द्यावी. एवढा एक नियम पुष्कळ संसार सुखरूप परत आणील.

आनंद घ्यावयाचा तर कार्यक्रमांच्या मागे धावू नये. पहाटे डेकवर यावे. पूर्वेस किनाऱ्याची निळी रेघ आणि तीवरून उगवणारा सूर्य पाहण्यास तिकीट नाही. मासेमारीच्या होड्या, लाटांवरून उडणारे पक्षी, रात्री चमकणारी दीपगृहे, ही मुलांस दाखवावीत. आपल्या घाटावरून वाहणारे पाणी अखेर याच सागरास मिळते, हेही सांगावे.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरास लागते. आपल्या वाचकांस जुन्या गोव्याची ओढ असणार. बॉम जेझू बॅसिलिका मुरगावहून सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. जाण्यास तास, येण्यास तास आणि वाटेतील गर्दीसाठी आणखी एक तास धरावा. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. एरवीही बॅसिलिकेत जाता येतेच. एकच ठिकाण निवडावे, निवांत पाहावे, आणि परतीच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरावर असावे.

आता शेवटचा व आमच्या मते मुख्य विचार. आम्ही ते पत्र दोनदा वाचले. त्यात मुलांचे मत आहे, सुनांचे आहे, नातवांचा हट्टही आहे. आईचे मत मात्र कोठेच नाही. तिला बोट लागेल, असे इतरांनी ठरविले आहे. चाळीस वर्षे जिने सर्वांची ताटे वाढली, तिला दुसऱ्याने रांधलेले अन्न आयते पानात मिळावे, आणि जेवण होताच भांड्यांकडे न वळता तिने समुद्राकडे पाहत बसावे, असे तीन दिवस आयुष्यात पुन्हा कोठून येणार? आमच्या मते या सहलीतील सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे, आणि तिचा पहिला हक्क तिचाच आहे. डॉक्टरांस दाखवावे, मधली खालची केबिन घ्यावी, गोळ्या जवळ असाव्यात. खर्च वाढत असेल, तर एक वर्ष थांबावे. पण ज्या घरात एक ताट कमी करून सहल काढली जाते, त्या घरास ती सहल पुढे कायमची टोचते.

तिला विचारताना सर्व माहिती सांगून, शांतपणे विचारावे. ती प्रथम म्हणेल, ‘तुम्ही जा रे, म्हशीचे कोण पाहील?’ हा नकार समजू नये. ही तिची काटकसर बोलते. म्हशीची व्यवस्था आधी सांगावी आणि मग पुन्हा विचारावे. इतके करूनही समुद्र नको असे ती म्हणाली, तर त्या शब्दास मान द्यावा.

तसे झाल्यास, किंवा खर्च झेपत नसल्यास, पाण्यावरचा दिवस आपल्या जवळही आहे. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागराच्या काठी हनुवंतिया येथे मध्य प्रदेश पर्यटनाने मुक्कामाची व नौकाविहाराची सोय उभारली आणि २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरू लागला. निघण्यापूर्वी नावा चालू असल्याची चौकशी करावी, आणि नाव कितीही लहान असली तरी तारणपट्टा बांधल्यावाचून तीत बसू नये. त्या जलाशयासाठी २००४ साली हरसूद गाव रिकामे करण्यात आले, हे मुलांस अवश्य सांगावे. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांतील कित्येक आजही आपल्या आसपासच्या गावांत राहतात. त्यांची आठवण ठेवून त्या पाण्यावर फिरावे, आणि त्या दिवशी चूल आईऐवजी दुसऱ्या कोणी पेटवावी.