बहर, थंडी आणि सत्ता

शास्त्रीय संशोधन समाजाच्या पैशाने आणि समाजाच्या हितासाठी व्हावे, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे. ती रास्त आहे. परंतु ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न रशियातील फळझाडांच्या संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे टाळता येत नाही.

सफरचंद, नासपती, चेरी या झाडांना थंडी हवीही असते आणि थंडीचे भयही असते. हिवाळ्यात पुरेसा काळ थंडी मिळाल्याखेरीज त्यांच्या कळ्यांची झोप उतरत नाही व बहर नीट येत नाही. पण ऐन हिवाळ्यात शून्याखाली पंचवीस अंशांचा कडाका सोसणारी सफरचंदाची कळी एकदा उमलली, की शून्याखाली दोन-तीन अंशांतच करपते. म्हणून झाड कणखर असून भागत नाही. बहर उशिरा यावा लागतो, आणि फळही चवीचे हवे. हे सारे गुण एका झाडात आणणे हे पिढ्यांचे काम आहे. बी रुजवून वाढवलेले झाड पहिले फळ दाखवण्यासच कित्येक वर्षे घेते. वर्षअखेरीस नफ्याचा हिशेब मागणारे भांडवल इतका काळ थांबत नाही.

इव्हान मिचुरिन (१८५५–१९३५) यांनी कोझलोव्ह येथे हे काम स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीवर आरंभिले. दक्षिणेकडील वाणांची कलमे कणखर खुंटांवर बांधली तर ती थंडीला सरावतील, अशी त्यांची आरंभीची समजूत होती. हिवाळ्याने ती खोटी ठरवली, आणि मिचुरिन संकराकडे वळले. अतिपूर्वेकडील उसुरी नासपतीशी युरोपीय वाणाचा संकर करून त्यांनी कडाका सोसणारी नासपती मिळविली. क्रांतीनंतर, १९२० साली, वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह त्यांच्या बागेत गेले व त्यांनी या कामाचे मोल ओळखले. नव्या राज्याने त्या बागेला संशोधन केंद्राचे रूप दिले. समाजाच्या पैशाने काय साधते याचा हा उत्तम दाखला होय.

पुढचा अध्याय मात्र लाजिरवाणा आहे. बियाण्याला थंडी देऊन पिकाचा फुलोरा लवकर आणता येतो, या खऱ्या निरीक्षणावर ट्रोफिम लायसेन्को यांनी अवास्तव दाव्यांचा डोलारा उभारला. परिस्थितीने पिकाच्या अंगी आणलेले गुण वंशपरंपरेने उतरतात, असे ते सांगू लागले आणि मिचुरिन यांच्या मृत्यूनंतर त्यांचेच नाव या सिद्धांताला चिकटवले गेले. स्टॅलिन यांचा वरदहस्त लाभल्यावर वाद प्रयोगशाळेत राहिला नाही. वाव्हिलोव्ह यांना ऑगस्ट १९४० मध्ये अटक झाली. जानेवारी १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात ते मरण पावले. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्को यांनी आपल्या अहवालाला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचे जाहीर केले, आणि देशात आनुवंशशास्त्राचे दार बंद झाले. मेलेली कलमे पाहून ज्या माणसाने स्वतःचे मत टाकून दिले, त्याच्याच नावाने मतभेद हा अपराध ठरविण्यात आला!

याचा अर्थ सत्तेऐवजी बाजाराच्या हाती संशोधन सोपवावे असा कोणी काढील, तर त्याने पाव्हलोव्हस्ककडे पाहावे. लेनिनग्राडच्या वेढ्यात वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञ उपासमारीने मेले, पण त्यांनी बियाण्यांच्या संग्रहाला हात लावला नाही. त्याच संस्थेचे शहराबाहेरील पाव्हलोव्हस्क केंद्र म्हणजे फळझाडांचा नि बेरीवर्गीय झुडुपांचा एक मोठा जिवंत संग्रह. अशा झाडांचे वाण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत. ते जमिनीवरच राखावे लागतात. २०१० साली हीच जमीन घरबांधणीसाठी विकण्याचा घाट घातला गेला. जगभरातील शास्त्रज्ञांनी आवाज उठविला तेव्हा तो थांबला. पक्षशाहीने शास्त्रज्ञ मारला. बाजारशाही झाडे उपटायला निघाली होती.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, तसतसा बहर लवकर येत आहे आणि मागाहून येणारी एखादी गोठवणारी रात्र तो जाळून टाकते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षमळे व फळबागा अशाच होरपळल्या. अशा वेळी उपयोगी पडणारा गुण एखाद्या जुन्या, बाजारात किंमत नसलेल्या वाणात दडलेला असू शकतो.

कृषी विद्यापीठांसाठी निधी मागताना म्हणूनच कार्यकर्त्यांनी आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. वाणांचे संग्रह व त्यांच्या जमिनी लोकांच्या मालकीच्या राहिल्या पाहिजेत; आणि मंत्र्याला, अधिकाऱ्याला किंवा प्रसंगी आपल्याच पक्षाला न रुचणारा निष्कर्ष मांडण्याचे संशोधकाचे स्वातंत्र्य अबाधित राहिले पाहिजे. थंडीला ठरावाची भाषा समजत नाही. कलम जगले की मेले, याचा निकाल बागेतच लागतो, आणि तो मान्य करण्याचे धैर्य नसलेला समाजवाद शेतकऱ्याच्या कामाचा नाही.