फॅन आहे, गरगरणारच!

सोमवारची सकाळ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. अलार्म तीनदा झोपवायचा, आंघोळीला बुट्टी मारता येईल का याचा हिशेब करायचा आणि धावतपळत कंपनीची बस पकडायची. पण २०१९च्या एप्रिल-मेमध्ये सहा सोमवार असे उगवले, की एरवी आठलाही न उठणारी मंडळी सकाळी सहालाच टुणकन उठून बसली होती. आठवतंय ना? साडेसहाच्या ठोक्याला हॉटस्टारवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’! अमेरिकेत रविवारी रात्री नऊला जे दिसायचं, तेच त्याच क्षणी आपल्याकडे. मग ऑफिसात एकच कल्ला. ज्याने पाहिलं तो फुटायच्या बेतात आणि ज्याने नाही पाहिलं तो कानावर हात ठेवून कॅन्टीनबाहेर!

आणि मग २० मे आला. शेवटचा एपिसोड संपला आणि सगळ्यांचा मस्त पोपट झाला. चिडलेल्या चाहत्यांनी ‘आठवा सीझन पुन्हा बनवा, तोही नीट लेखकांकडून’ अशी ऑनलाइन मागणी त्याआधीच केली होती. त्यावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. दहा लाख! एवढ्या सह्या आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या अर्जावर पडल्या असत्या, तर चोवीस तास पाणी आलं असतं.

त्या आठवड्यात एका सीनियरने मला विचारलं होतं, “अगं, खोट्या ड्रॅगनपायी इतका जीव काय जाळायचा?” प्रश्न सोपा होता. उत्तर सापडायला मला वर्ष लागलं, आणि ते सापडलं भलत्याच ठिकाणी. त्याकडे येतेच. आधी ड्रॅगनचं निपटवू.

सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडल्या? डेनेरिसने शरण आलेलं अख्खं शहर जाळलं त्याला. (ज्यांनी अजून पाहिलं नाही त्यांनी माफ करा, पण इतक्या वर्षांनंतर स्पॉयलरचा कायदा लागू होत नाही.) आता गंमत बघा. ही बाई एक दिवस असलं काहीतरी करणार, याच्या खुणा आधीपासून पेरलेल्या होत्याच. म्हणजे घोळ ‘काय’ झालं याचा नव्हता, ‘कसं’ झालं याचा होता. पहिले सहा सीझन दहा-दहा एपिसोडचे. सातवा सातचा आणि आठवा फक्त सहाचा. जॉर्ज मार्टिन यांच्या मूळ कादंबऱ्यांपैकी पाचवी २०११मध्ये आली होती, आणि मालिका संपली तरी सहावीचा पत्ता नव्हता. खालची जमीन संपली आणि गाडी नुसती पळत सुटली. पहिल्या सीझनमध्ये राजाला उत्तरेत पोचायला महिना लागायचा. शेवटी शेवटी लोक पुण्याहून लोणावळ्याला जावं तसे खंडभर फिरायला लागले. चौथ्या एपिसोडमध्ये तर टेबलावर चक्क एक कॉफीचा कप राहिला होता! तो नंतर डिजिटली पुसला. कप पुसता येतो हो, घाई नाही पुसता येत.

तर हा ‘काय’ आणि ‘कसं’चा फंडा. मास कॉमला असताना पटकथेच्या लेक्चरला तो कुणीतरी सांगितला असणारच, पण तेव्हा माझ्या डोक्यावरून गेला. तो डोक्यात शिरला आमच्या पिपरी मेघेत. पिपरी मेघे म्हणजे वर्धा शहराला अगदी चिकटलेलं गाव. शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे नवख्याला कळायचंही नाही. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मी तिथे घरीच होते. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आमच्या घरी कूलर अजून माळ्यावरून खाली यायचा होता, पण आजी मात्र साडेआठपासूनच टीव्हीसमोर हजर.

आजीबरोबर टीव्ही बघणं हा सॉलिड प्रकार आहे. तिच्या जगात स्पॉयलर नावाची गोष्टच नाही. पुढे काय होणार हे तिला आईच्या पोटात असल्यापासून माहीत. त्यामुळे तिचं सगळं लक्ष ‘कसं’वर. कैकेयीचं रडणं खरं की खोटं, लक्ष्मण जरा जास्तच तडकतो का, भरताच्या डोळ्यांत पाणी वेळेवर आलं का... आपले यूट्यूबवरचे रिव्ह्यू करणारे पाणी भरतील तिच्यापुढे. ललिता पवारांची मंथरा आली की ती स्क्रीनकडे बघत कडाकडा बोटं मोडायची. हीच आपली ललिता पवारांना सगळ्यात मोठी दाद.

एका एपिसोडला मात्र ती मधूनच उठली. लंकेतलं युद्ध संपलं होतं, रावण पडला होता, आणि सीतेची अग्निपरीक्षा सुरू व्हायची होती. “चहा टाकतो” म्हणून स्वयंपाकघरात गेली ती सीन संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. आई म्हणाली, “१९८८मध्येही अशीच उठून गेली होती.” मी चहा घ्यायला आत गेले आणि विचारलं, “आजी, अख्खं रामायण पाहतेस, मग हेच काहून नाही?”

“मले नाही पाहवत थे.”

“म्हणजे रामाचा राग येतो तुला?”

“येते त! राग त आपल्याच माणसाचा येते ना वं. परक्याचा कायले येईन?”

बस्. सीनियरच्या प्रश्नाचं उत्तर त्या चहाच्या पातेल्याशेजारी मिळालं.

तसं सागरांनाही हा राग अपेक्षित असणार. त्यांनी तुलसीदासांची वाट धरली होती. रावणाने पळवली ती सीतेची छाया, खरी सीता आधीच अग्नीकडे सोपवलेली, आणि अग्निपरीक्षा म्हणजे तिला परत आणणं. मालिकेतला लक्ष्मणसुद्धा रामावर भडकतो आणि मग राम त्याला हे सगळं समजावतो. म्हणजे ‘काय’ तेच ठेवलं आणि ‘कसं’ बदललं. मी हे आजीला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “समजावणारे लय हुशार असतेत.” विषय संपला! तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाई पुन्हा खुर्चीत हजर.

दूरदर्शनने नंतर सांगितलं, की १६ एप्रिल २०२०चा एपिसोड ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. त्यातल्या किती जणी मधेच चहा टाकायला उठल्या, ते कुठल्या आकड्यात सापडायचं नाही.

आता जरा मागे जाऊ. ही मालिका मुळात ५२ भागांची ठरली होती. लोकांच्या मागणीने वाढत वाढत ती ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ला रामाच्या राज्याभिषेकानंतर संपली. हॅपी एंडिंग! पण पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांना ते मान्य नव्हतं. त्यांच्यातले कित्येक स्वतःला वाल्मीकींचे वंशज मानणारे. आणि वाल्मीकी कथेत खऱ्या अर्थाने येतात ते उत्तरकांडात, सीता त्यांच्या आश्रमात राहायला येते तेव्हा. ते वगळलं म्हणजे आम्हालाच वगळलं, असा तो हिशेब. त्यांनी झाडू खाली ठेवले आणि संपावर गेले. संप इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले, आणि शेवटी सरकारला पुढची कथा करून घ्यावी लागली. तीच ‘उत्तर रामायण’.

विचार करा. २०१९मध्ये दहा लाख सह्यांनी एक फ्रेम हलली नाही. १९८८मध्ये झाडूवाल्यांनी अख्खी मालिका पुढे ढकलली. त्यांनी गोड शेवटही मागितला नव्हता. मागितली ती त्यागाची, वनवासाची, धरणीच्या पोटात जाण्याची गोष्ट. का? तर ती त्यांची होती म्हणून. फॅनची ताकद कशाला म्हणतात, ते तिथे कळतं.

आपल्या मराठी टीव्हीवर हा अनुभव अगदी हसतखेळत मिळाला तो ‘जय मल्हार’मुळे. २०१४ ते २०१७, झी मराठी, देवदत्त नागे खंडोबा. गोष्ट पुन्हा सगळ्यांना पाठ. म्हाळसा वाण्याची, बानू धनगराची, खंडोबा दोघींचा. तरी आमच्या घरात उभी फूट! आई म्हाळसेच्या पार्टीत, आजी बानूच्या. “लग्नाची बायको घरात असताना...” असं आईने सुरू केलं की आजी आवाज वाढवायची. टीव्हीचा! बाबा दोन्हीकडून मान डोलवायचे आणि जेवण वेळेवर मिळवायचे. याला म्हणतात अनुभवी माणूस.

तोच देवदत्त नागे पुढे ‘आदिपुरुष’मध्ये बजरंग झाला. दिग्दर्शकही आपलाच, ओम राऊत, ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’वाला. अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. टीझर आला ऑक्टोबर २०२२मध्ये आणि व्हीएफएक्सवरून अशी काही टर उडाली, की जानेवारीतलं रिलीज जूनवर गेलं. १६ जून २०२३ला सिनेमा लागला. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवणार, असं निर्मात्यांनी जाहीर केलेलं. आणि पडद्यावरचा हनुमान मात्र नाक्यावरच्या पोरासारखा बाप काढत बोलतोय! लंका जळते, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. ती कुठल्या भाषेत जळते, यावर पब्लिकचं डोकं फिरलं. पाच-सहा दिवसांत संवाद बदलावे लागले. पुन्हा तेच. ‘काय’ बरोबर, ‘कसं’ बोंबललं.

पण इथे एक ब्रेक लावायला हवा. संवादलेखकाला धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण मागायची वेळ आली, हे काही फॅनपण नव्हे. आपल्याकडे पात्र आणि माणूस यांतली रेघ तशी पुसटच असते. १९९१मध्ये दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, म्हणजे सीता आणि रावण, एकाच पक्षाकडून लोकसभेत गेले. १९९६मध्ये ‘महाभारत’चे कृष्ण नितीश भारद्वाज आणि २०२४मध्ये राम अरुण गोविल. ज्या प्रेमाने मतं पडतात, त्याच प्रेमाचं उलटं टोक धमकीपर्यंत जातं. आजी मंथरेवर बोटं मोडायची, ललिता पवारांवर नाही. एवढी रेघ तिला बरोबर कळायची.

आणि फॅन म्हणजे नुसती किरकिर, असं कुणी म्हणालं तर त्याच्या तोंडावर ‘तुंबाड’ मारा. राही अनिल बर्वे यांना ही कल्पना सुचली ती आमच्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात, १९९३मध्ये, मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक गोष्ट ऐकून. सिनेमा पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. तेव्हा तिकीटबारीवर फार काही घडलं नाही. मग ज्यांनी पाहिला ते वर्षानुवर्षं भेटेल त्याच्या मागे लागले, “बघ रे, बघच!” १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सहा वर्षांनी! हस्तर आपला, पाऊस आपला, आजीच्या गोष्टीतली भीती आपली. लोकांनी तो ड्रॅगनइतक्याच, किंबहुना जास्तच, प्रेमाने उचलला.

तर मंडळी, परीक्षा पुढे आहेच. नितेश तिवारींचं ‘रामायण’ दोन भागांत, पहिला २०२६च्या आणि दुसरा २०२७च्या दिवाळीत, असं जाहीर झालेलं आहे. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, संगीताला ए. आर. रहमानबरोबर हान्स झिमर. जुलै २०२५मध्ये पहिली झलक आली आणि आपले पंखे लगेच फुल स्पीडवर फिरायला लागले. फिरू द्या! राग आला तर जरूर काढा, तो आपला हक्क आहे. फक्त मोबाइलवर बोटं चालवण्याआधी स्वतःला एकच विचारा. चीड ‘काय’ दाखवलं याची आहे, की ‘कसं’ दाखवलं याची? पहिली असेल तर थोडं थांबा, आपल्या गोष्टी शेकडो तऱ्हांनी सांगितल्या गेल्यात आणि सगळ्या पुरून उरल्यात. दुसरी असेल तर बिनधास्त लिहा, नीट कारण देऊन लिहा.

आणि तिकिटं काढताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं आधी काढा. कडेची सीट बघा म्हणजे झालं. मधेच उठून जायचं असेल, तर त्यांना जाता आलं पाहिजे.